लिंपलेल्या ढोल्यांचं राज्य

खाडीच्या अल्याड एक जंगल होतं आणि पल्याड दुसरं. मधलं पाणी दिवसातून दोनदा इकडे यायचं, दोनदा तिकडे जायचं, आणि त्याला कुणी परवाना विचारत नसे. ही जुनी गोष्ट आहे, त्यामुळे तिच्यातल्या कुणाचा आज कुणाशी संबंध असेल तर तो त्यांनी आपापसात मिटवावा.

अल्याडच्या जंगलाचा राजा होता गवा. अंगाने इतका भरलेला की सभेला उभा राहिला की मागचं काही दिसत नसे, आणि दिसत नसल्यामुळे मागे काय चाललंय हे कुणी विचारतही नसे. त्याचा आवाज मात्र बारीक होता. म्हणून तो बोलायचा आणि टिटवी ते ओरडून सांगायची. टिटवीला ओरडायला कारण लागत नाही, सवड लागते, आणि सवड तिला सरकारी होती.

याच जंगलात, बेहड्याच्या एका जुन्या झाडावर, जमिनीपासून खूप उंच असलेल्या ढोलीत येसू नावाची धनेशीण, म्हणजे मोठ्या बाकदार चोचीच्या धनेश पक्ष्याची मादी, होती. राहत होती असं म्हणत नाही, कारण ती स्वतःला आत लिंपून बसली होती.

धनेशांमध्ये तशी रीतच आहे. अंडं घालायचे दिवस आले की बाई ढोलीत शिरते. नवरा बाहेरून ओला चिखल आणून देतो, ती आतून चोचीच्या चपट्या बाजूने तो थापत जाते. दार भरत येतं, आणि शेवटी चोचीचं टोक मावेल एवढी एक उभी फट राहते. मग ती आपली पंखांची मोठी पिसं गाळते, शेपटीचीही गाळते, त्यांचीच गादी करते आणि पिल्लू मोठं होईस्तोवर बसून राहते. नवरा उंबरं गळ्यात भरून आणतो, एकेक वर काढतो, फटीतून देतो. एका चोचीच्या भरवशावर दोन जीव. हे कुणी कायदा करून लावलेलं नव्हतं. एकमेकांवर विश्वास होता, म्हणून चालत होतं.

या रीतीला जोडून अजून एक रीत होती. फटीपाशी येऊन कुणी विचारलं, "कशी आहेस गं?" तर आतल्या बाईने एकच उत्तर द्यायचं: "भरल्या घरी आहे. कमी काही नाही." पोटात चार दिवस काही गेलेलं नसलं तरी हेच. कारण बाहेरून गोड आवाजात कोण विचारतंय ते आतून कळत नाही. ऊदमांजरही गोडच विचारतं. नवरा घरी नाही, बाईच्या अंगात त्राण नाही, हे त्याला समजलं की दार पाडायला त्याला किती वेळ लागतो? येसूला हे तिच्या आईने शिकवलं होतं, आईला आजीने. ऊदमांजराला काय सांगायचं ते सगळ्या पिढ्यांनी नीट शिकवलं होतं. राजाला काय सांगायचं ते कुणीच शिकवलं नव्हतं. राजा फटीपाशी येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या वर्षी अल्याडच्या उंबरांना फळ धरलं आणि धरल्याबरोबर गेलं. राजाने 'सर्वांसाठी फळ' नावाचं कोठार उघडलं होतं. सर्वांसाठी असल्यामुळे ते कुणा एकाला देता येत नव्हतं. रानडुकरं पहाऱ्याला होती, आणि पहारा फार कष्टाचा असल्यामुळे ती दिवसेंदिवस जाड होत होती.

"येसू," धाकू एका सकाळी फटीपाशी बसून म्हणाला. धाकू म्हणजे तिचा नवरा. "आपल्याकडे फक्त पानं उरलीत. मी पल्याड जाऊन येतो."

"रोज? एवढं पाणी ओलांडून?"

"वानरांच्या बागा आहेत तिकडे. फांद्यांच्या शेंड्यावरची फळं त्यांना काढता येत नाहीत, फांदी मोडते. आपली चोच पोचते. दिवसभर त्यांना काढून द्यायची, आणि निघताना गळ्यात मावतील तेवढी आपली."

"हे कुणी सांगितलं?"

"कोतवालाने. तो नेतोय सगळ्यांना."

कोतवाल म्हणजे काळा, चमकदार, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. नाव त्याला जन्मानेच मिळालं होतं, पण लोक त्याला हुद्दा समजत आणि तोही खुलासा करत नसे. त्याला सगळ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढता येत. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी त्याच्याच आवाजात बोलायचं, हे त्याचं भांडवल.

"मला तो आवडत नाही," येसू म्हणाली.

"मला तरी कुठे आवडतो? तुला आणि पिल्लाला उंबर आवडतं, तेवढं बघायचं."

पिल्लू तेव्हा आठ दिवसांचं होतं. अंगावर एक पीस नव्हतं, आणि त्याच्या मते जग म्हणजे एक उभी फट होती, जिच्यातून कधी उजेड येतो आणि कधी बाबा. उजेड आला की ते डोकं वळवत असे, बाबा आले की तोंड उघडत असे. त्याचं राजकारण एवढंच होतं आणि ते अगदी स्वच्छ होतं.

महिनाभर हे चाललं. धाकू पहाटे जाई, उन्हं कलताना परते. मग एक दिवस पल्याडच्या वानरांनी बारा धनेशांना परत सोडलंच नाही. धाकू त्यांत नव्हता. बाग संपेपर्यंत थांबा म्हणाले आणि जाळीखाली ठेवलं. चौघं तिथेच गेले. त्यांच्या चार ढोल्या अल्याड होत्या. त्या फटींमधून पहिल्या आठवड्यात आवाज येत होते, दुसऱ्या आठवड्यात आले नाहीत.

जंगलात हळहळ झाली. हळहळ वाढत गेली आणि निवडणूक तोंडावर होती, तेव्हा राजाला दुःख झालं. ते त्याने भर सभेत केलं.

"माझ्या उडणाऱ्या बंधूंनो आणि बसलेल्या भगिनींनो!" टिटवी ओरडली. "महाराजांना कालपासून रवंथ जमलेलं नाही! आपला एकही जीव यापुढे चोरवाटेने पल्याड जाणार नाही! गेला तर नियमाने जाईल, आणि नियम असा करू की जावंसंच वाटणार नाही!"

टाळ्या पडल्या. माकडांनी जास्त वाजवल्या, कारण ती उडत नव्हती.

त्याच दिवशी उड्डाण-संरक्षण खातं निघालं. मंत्री झाले खवलेसाहेब. खवल्या मांजर हा शांत प्राणी आहे. त्याला काही विचारलं की तो अंगाचा चेंडू करतो आणि विचारणारा निघून जाईपर्यंत उलगडत नाही. एवढ्या गुणावर त्यांनी आजवर तीन खाती सांभाळली होती. कचेरी त्यांनी एका मोठ्या वारुळात थाटली. आलेले अर्ज वाळवी खात असे, वाळवी खवलेसाहेब खात. त्यामुळे कुठलाही अर्ज मंत्र्यांपर्यंत पोचला नाही असं कधी झालं नाही.

धाकू पहिल्याच दिवशी रांगेत उभा राहिला. टेबलाशी सरडा बसला होता, मान हलवत.

"काय हवंय?"

"पल्याड जायचा परवाना."

"याआधी कधी गेलात?"

"रोजच जातो की."

"विनापरवाना?"

"अहो साहेब, परवाना आजपासून निघालाय. कालपर्यंत नव्हताच."

"म्हणजे कालपर्यंत विनापरवाना." सरड्याने मान हलवत लिहून घेतलं. "घरी कोण?"

"बायको. पिल्लू. लिंपून बसलीयेत."

"तुमच्या मागे ती सुरक्षित आहेत असा दाखला लागेल. समक्ष पाहणी करून."

"साहेब, मी गेलो नाही तर ती सुरक्षित राहणार नाहीत. म्हणून तर जायचंय."

सरड्याने आत बघितलं. खवलेसाहेबांनी प्रश्नाचा अंदाज घेतला आणि चेंडू केला.

"पाहणी होईल," सरडा म्हणाला. "पुढचा!"

पाहणीला स्वतः राजा येईल असं धाकूला वाटलं नव्हतं. पण निवडणुकीला थोडे दिवस राहिले की राजे कुठेही येतात. चौथ्या दिवशी बेहड्याखाली राजा उभा होता, शेजारी खवलेसाहेब, वर टिटवी, मागे कोतवाल. कोतवाल का होता हे धाकूने विचारलं तेव्हा कळलं, तो तज्ज्ञ म्हणून होता.

राजाला वर चढता येईना. त्याने मान वर केली आणि विचारलं, "ते काय आहे?"

"दार आहे महाराज," धाकू म्हणाला. "लिंपलंय."

"कुणी?"

"तिनेच. आतून."

"स्वतःहून?" राजाचे डोळे मोठे झाले. "आणि ती कधी बाहेर पडत नाही?"

"पिल्लू मोठं होईस्तोवर नाही."

"पळूनबिळून जात नाही?"

"पिसंच गाळलेली असतात महाराज. जाणार कुठे?"

राजाने मान अजून वर केली. असा नागरिक त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

टिटवी फटीपाशी गेली. आत येसू पिल्लाला पोटाशी घेऊन बसली होती. चार दिवस धाकू परवान्याच्या रांगेत होता, पल्याड गेला नव्हता, आणि पिल्लाने सकाळपासून तिच्या गळालेल्या पिसांचे देठ चोखून बघितले होते. फटीतून तिला काहीच नीट दिसेना. खाली एक तपकिरी डोंगर होता आणि समोर एक अनोळखी डोळा.

"कशी आहेस गं बाई?" टिटवीने जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं.

आणि येसूच्या तोंडून, आईने शिकवलं तसं, आपोआप आलं: "भरल्या घरी आहे. कमी काही नाही."

"ऐका!" टिटवी ओरडली. "भरल्या घरी आहे! कमी काही नाही!"

"महाराज, ती रीत आहे," धाकू घाईघाईने म्हणाला. "आमच्या बायका असंच सांगतात. ऊदमांजराला कळू नये म्हणून. खरं तर घरात चार दिवस..."

"कमी काही नाही! कमी काही नाही!" टिटवी अजून ओरडतच होती.

"विनय बघा यांचा," राजा गहिवरून म्हणाला. "मिळालंय ते कबूल करायलासुद्धा लाजतात." मग तो खवलेसाहेबांकडे वळला. "आपण इतके दिवस उडणाऱ्यांना आवरायला बघतोय. आणि उत्तर इथे झाडावर बसलंय. फसवणूक कुणाची होते? बाहेर पडणाऱ्याची. जाळीखाली कोण मरतं? बाहेर पडलेला. बाहेरच पडला नाही तर?"

खवलेसाहेब हा प्रश्न समजून चेंडू व्हायला लागले होते. तो प्रश्न नव्हता, निर्णय होता, हे कळल्यावर ते उलगडले.

अशी 'सुखढोली योजना' निघाली. प्रत्येक उडणाऱ्या कामकऱ्याला सरकारी ढोली. तो आत, दार लिंपलेलं, पिसं सरकारजमा म्हणजे हरवायची भीती नाही, आणि फटीतून रोज एक उंबर. झाडाझाडावर पाट्या लागल्या: 'फट लहान, सुरक्षा महान!' खाली येसूचं चित्र होतं. चित्रकाराने तिला पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती चित्रात हसत होती.

पल्याड नेणाऱ्या दलालांचा बंदोबस्त करायचं वचनही राजाने सभेत दिलं होतं, तेही त्याने पाळलं. दलाल हा शब्दच रद्द झाला. कोतवाल आता 'उड्डाणमित्र' झाला आणि लिंपण्याचं सगळं काम त्याच्याकडे आलं. धनेशांना तो घरानिशी ओळखत होता. कोण कुठल्या फांदीवरून निघतो, कुठल्या वाटेने परततो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानेच तर त्या वाटा दाखवल्या होत्या.

धाकूने अजून दोन दिवस परवान्याची वाट पाहिली. सातव्या दिवशी पिल्लाचा आवाज बारीक झाला, तेव्हा धाकू विचारायचा थांबला आणि उडाला. पल्याड दिवसभर राबला, गळा भरून उंबरं घेतली आणि परतताना खाडीच्या काठावर उतरला. तिथे कोतवाल आणि दोन रानडुकरं त्याची वाट बघत होती.

"गळ्यात काय आहे?" डुकराने विचारलं.

धाकू बोलला नाही. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं.

त्याला उलटा धरून हलवलं. उंबरं पडली, ती कोठारात जमा झाली, म्हणजे डुकरांनी तिथेच खाल्ली. पिसं मुळापासून उपटली असती तर महिन्या-दोन महिन्यांत परत आली असती. खात्याने त्याचा अभ्यास केला होता. पिसं मधोमध कापली.

ही बातमी येसूला गोदाक्काने दिली. गोदाक्का म्हणजे शेजारच्या झाडावरची शेकरू, तपकिरी शेपटीची, मोठ्या तोंडाची, कुणाच्याही घरात न विचारता डोकावणारी.

"उचलला गं तुझा माणूस," ती फटीशी तोंड लावून म्हणाली. "खाडीकाठी सरकारी ढोल्यांची रांग केलीय, तिथे कोंबलाय. कितवी ढोली ते नाही कळलं. सगळ्या सारख्याच. आणि तू! तू गं! 'कमी काही नाही' म्हणे! जीभ कशी गं नाही झडली?"

येसूने पिल्लाला पोटाशी ओढलं.

"अगं, तुझंच चित्र लावलंय झाडावर. माझ्या नवऱ्याला म्हटलं, ही माझी शेजारीण. तर तो म्हणतो, सुखात दिसते. मी म्हटलं, हो, सुखाने हाडं वर आलीत तिची."

"आक्का," येसू म्हणाली, "ऊदमांजर असेल असं वाटलं मला."

"होतंच," गोदाक्का म्हणाली आणि गालात धरून आणलेली तीन रानजांभळं फटीतून आत ढकलली. नवऱ्याखेरीज कुणाच्या हातचं फटीतून घ्यायचं नाही, हीसुद्धा रीत होती. येसूने ती मोडली, पिल्लाने बघायच्या आत.

"तुला उडण्याची भीती नाही वाटत आक्का? धरतील तुला."

"मी उडत नाही, उड्या मारते. उडीपर्यंत नियम अजून पोचला नाही." ती शेपूट झटकून गेली.

लिंपून बसलेल्या बायकांच्या ढोल्याही योजनेत धरल्या होत्या, आणि तिथे रोजचं उंबर येत नव्हतं असं नाही. ते वाटायचं काम पक्ष्यांना दिलं असतं, पण पक्षी ढोल्यांमध्ये होते. म्हणून ते कासवांना दिलं. कासवं प्रामाणिक होती. ती रोज उंबर घेऊन निघत, बेहड्याच्या बुंध्याशी पोचत आणि वर बघत. मग तिथेच ठेवून परत जात. "पोचलं!" टिटवी ओरडे, आणि पोचलंही असे. वरच्या वीस हातांची जबाबदारी दुसऱ्या खात्याकडे होती. ते खातं अजून निघायचं होतं.

बुंध्याशी रानडुकरं थांबलेलीच असत.

"आई," पिल्लू फटीला डोळा लावून विचारायचं, "ते खाली आहे ते आपलं ना?"

"हो."

"मग खाली कुणाचं पोट आहे?"

येसू त्याला चोचीने जवळ ओढायची. पोटाशी घेतलं की त्याच्या छातीची धडधड तिच्या छातीला लागायची, इतकी घाईची, जणू त्याला लवकर मोठं होऊन कुठेतरी पोचायचंय. तिच्या पंखांत नवी पिसं फुटायला लागली होती. अजून अर्धवट होती, देठात रक्त होतं, दुखत होती. अजून दोन आठवडे हवे होते. पिल्लाकडे मात्र दोन दिवसच होते.

त्या संध्याकाळी फटीबाहेर आवाज आला. "येसू, मी मजेत आहे गं. छान ढोली दिलीय. रोज खायला मिळतंय. तू काळजी करू नकोस, दार उघडू नकोस."

धाकूचाच आवाज. तोच जरासा फाटका 'गं', तोच शेवटी खाली येणारा सूर. येसूचं सगळं अंग त्या आवाजाकडे धावलं. तिने चोच फटीतून बाहेर काढली आणि उघडी धरली, उंबरासाठी. बराच वेळ धरली.

"आई," पिल्लू मागून म्हणालं, "बाबांचा आवाज आलाय. पण उंबराचा वास नाही आला."

बाहेर दुभंगलेली शेपटी फटीसमोरून सरकली आणि पुढच्या ढोलीपाशी गेली. तिथे दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याच्या आवाजात तेच वाक्य झालं. कुटुंबांना धीर देण्याचं कामही त्याच कंत्राटात होतं.

येसूने चोच आत घेतली. मग ती उठली, भिंतीकडे वळली आणि जी चिखलाची भिंत तिने स्वतः थापली होती तिच्यावर चोच मारली. चिखल दगडासारखा झाला होता. ती काम नीट करणारी बाई होती. ते आता तिला नडलं.

सकाळपर्यंत डोकं बाहेर जाईल एवढं भोक पडलं, दुपारी खांदे निघाले. धनेशांच्या पिल्लांचं एक आहे, आई आधी बाहेर पडली की ती स्वतःच आतून दार परत लिंपतात. कुणी शिकवत नाही. हे पिल्लूही लगेच कामाला लागलं. आपल्या इवल्या चोचीने पडलेले तुकडे गोळा करून कडेला चिकटवायला लागलं.

"नको रे बाळा," येसू म्हणाली. "राहू दे."

"लिंपायचं असतं ना?"

"असतं. पण तू डोकं बाहेर येईल एवढं ठेव. कुणी विचारलं, कसा आहेस, तर काय सांगशील?"

"कमी काही..." पिल्लाने सुरुवात केली.

"भूक लागलीय म्हणून सांग. मोठ्याने सांग. आक्का ऐकेल."

गोदाक्का आधीच फांदीवर येऊन बसली होती. "जा तू. मी आहे. माझ्या पोरांनी खाल्लं ते हा खाईल. तक्रार केली तर कानाखाली देईन, माझ्या पोरांना देते तशी."

येसूला उडता येत नव्हतं. ती फांदीवरून फांदीवर उतरत, घसरत, कधी चोचीने धरत खाडीकाठी गेली. लिंपलेली बाई वेळेआधी बाहेर पडणं हा आता 'संरक्षण-भंग' नावाचा गुन्हा होता. पण बाई पायी चाललेली कुणी पाहिली नव्हती, आणि पहारेकरी आकाशाकडे बघत होते.

काठावर झाडांची रांग होती. प्रत्येक झाडाला ढोल्या, प्रत्येक ढोलीला आकडा, प्रत्येक आकड्याला एक फट. दोनशे फटी असतील. येसू पहिलीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "कसे आहात?"

"भरल्या घरी आहे. कमी काही नाही."

दुसरीपाशीही तेच, तिसरीपाशीही. बाप्यांनी ही रीत कधी पाळली नव्हती, पण आत गेल्यावर आपोआप आली होती. फटीबाहेर कोण आहे, सांगता येत नाही.

तेव्हा तिने विचारणं सोडलं. ती रांगेतून फक्त बोलत गेली. "पिल्लू देठ चोखतं. पिल्लू आता बोलतं. पिल्लाला बाबांचा आवाज ओळखू येतो, आणि वास नसला तर तेही ओळखू येतं."

एका फटीतून चोच बाहेर आली. घ्यायला नव्हती आली, द्यायला आली होती. तिच्या टोकात एक उंबर होतं, सुकून सुपारीएवढं झालेलं. उलटा धरून हलवला तेव्हा गळ्याच्या अगदी तळाशी अडकलेलं ते एक पडलं नव्हतं. त्याने ते खाल्लं नव्हतं, कारण ते त्याचं नव्हतं.

"पिल्लाला दे," आतून धाकू म्हणाला.

येसूने ते गळ्यात ठेवलं आणि भिंतीवर चोच मारली. आतून धाकूने मारली. कंत्राटी चिखल होता, निम्मा रेतीच. चार घावांत अख्खी भिंत पडली. तो आवाज ऐकून शेजारच्या ढोलीतूनही ठोके आले, मग तिच्या शेजारच्या. थोड्या वेळात सगळा काठ ठोकत होता.

खवलेसाहेबांना बोलावून आणलं. "साहेब, हे काय चाललंय?" सरड्याने विचारलं. साहेबांनी सवयीने चेंडू केला. जागा उताराची होती. ते घरंगळत गेले आणि चिखलात रुतून बसले. तिथे त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्यांना ती जागा आवडली.

उडणार कुणीच नव्हतं. पिसं सगळ्यांची अर्धी होती. पण ओहोटी लागली की खाडीचा तळ उघडा पडे. आधी सगळे आपापल्या झाडांकडे गेले, बायका-पिल्लांना ढोल्यांतून काढलं. गोदाक्काने पिल्लाला पाठीवर घालून खाली आणलं आणि वाटभर बोलत राहिली, की याच्यापेक्षा माझी तीन परवडली. येसूने सुकलेलं उंबर फोडून त्याच्या तोंडात घातलं. त्याने ते फार वेळ तोंडात घोळवलं.

मग ओहोटीला दोनशे कुटुंबं चालत निघाली. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी जमिनीला पाय लावला नव्हता, ती काळ्या चिखलातून, पाठीवर पिल्लं घेऊन, एका ओळीत चालत होती. टिटवीने वरून पाहिलं आणि काय ओरडावं ते तिला प्रथमच सुचेना. तिने राजाला विचारलं.

राजाने त्या ओळीकडे बघितलं. "उडतंय का कुणी?" त्याने विचारलं.

"नाही महाराज."

"मग ओरड."

"अनियमित उड्डाण शून्य!" टिटवी ओरडली. "जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदा! शून्य!"

पल्याडच्या काठावर वानर उभे होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "किती आहात? फांदीच्या शेंड्यापर्यंत पोचता का?" येसूने पिल्लाला आपल्या अर्ध्या पंखाखाली घेतलं आणि धाकूकडे पाहिलं.

"गळा भरून मिळेल तेवढं आमचं," ती वानरांना म्हणाली, "आणि रोज संध्याकाळी मोकळं सोडायचं. हे आधी बोला. पिल्लाला भूक लागलीय."

वानर एकमेकांकडे बघायला लागले. असं आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण मागे दोनशे चोची होत्या आणि बागा पिकल्या होत्या. ते बोलायला बसले.

अल्याड निवडणूक ठरल्या दिवशी झाली. पडलेल्या भिंती कोतवालाने नव्याने लिंपल्या, त्याचं कंत्राट वेगळं निघालं. ढोल्यांमधलं मतदान शंभर टक्के झालं. येसूचं मत पडलं, धाकूचं पडलं, पिल्लाचंही पडलं. पिल्लाचं वय बसत नाही अशी एक हरकत आली होती. तिच्या चौकशीला टिटवी स्वतः बेहड्यावर गेली, फटीतून तीनदा विचारलं, आणि आतून कुणीही नाही म्हणालं नाही, तेव्हा हरकत फेटाळण्यात आली.